वाचता येईना, अंगण वाकडे?

मूल वाचनात मागे पडले की घरात पहिला शब्द निघतो तो 'आळशी'. प्रत्यक्षात वाचन अडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणावरचा उपायही वेगळा असतो. आपले मूल नेमके कुठे अडले आहे हे कसे ओळखावे, घरी काय करावे आणि तज्ज्ञांकडे केव्हा जावे, याविषयीची ही माहिती.

उरण : दिवेलागणीची वेळ. द्रोणागिरी नोडमधली नवी सदनिका असो, करंजाचा कोळीवाडा असो की जासई-चिरनेरच्या बाजूचे एखादे आगरी गाव. अनेक घरांत या वेळी एकच दृश्य दिसते. चौथी-पाचवीतले मूल पुस्तक उघडून बसते. धड्याची पहिली ओळ ते घडाघडा म्हणते, कारण ती वर्गात ऐकून पाठ झालेली असते. दुसऱ्या ओळीवर बोट अडखळते. 'किनारा'चा 'कनारा' होतो, 'पर्वत'चा 'पवत' होतो आणि 'समुद्र' तर गाळूनच टाकला जातो. कामावरून दमून आलेल्या वडिलांचा आवाज चढतो, आईचा धीर सुटतो, 'मोबाईल बरा चालवता येतो' हे ठरलेले वाक्य ऐकवले जाते आणि पुस्तक मिटते.

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण अशा मुलांसाठी सहज वापरली जाते. वाचनाच्या बाबतीत मात्र ती जरा थांबून तपासावी लागते. कारण अनेकदा अंगण खरोखरच वाकडे असते. कधी डोळ्यांचा दोष असतो, कधी शिकवण्यात खंड पडलेला असतो, कधी पुस्तकाची भाषा घरच्या बोलीपासून दूरची असते, तर कधी मेंदूची अक्षर ओळखण्याची पद्धतच वेगळी असते. या चारही मुलांची वाचतानाची चूक वरवर सारखीच दिसते. म्हणूनच सर्वांना एकच औषध, म्हणजे ओरडा आणि जादा शिकवणी, देण्याची चूक होते.

उरणकरांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा का?

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी निश्चित करण्यात आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध मोठा लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ही येथील पिढ्यान् पिढ्यांची साधने क्रमाक्रमाने आक्रसत गेली.

पूर्वी शाळेत न रमलेल्या मुलाला शेत होते, मिठागर होते, होडी होती. आता तो आधार उरलेला नाही. बंदर आणि गोदामांच्या परिसरातील साध्यातल्या साध्या कामालाही वाचन लागते. कंटेनरवरचा क्रमांक, धोकादायक मालाची सूचना, भरतीचा अर्ज, कंत्राटातील अटी, जमिनीच्या मोबदल्याची कागदपत्रे हे सारे वाचून समजावे लागते. ज्याला वाचता येत नाही, त्याला प्रत्येक कागदासाठी दुसऱ्यावर विसंबावे लागते. त्यामुळे पाचवीतल्या मुलाचे अडलेले वाचन हा केवळ गुणपत्रिकेचा विषय राहत नाही.

हा प्रश्न एकट्या उरणचा नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'असर' अहवालाच्या २०२४ च्या आवृत्तीनुसार, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या केवळ ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. निम्म्याहून अधिक मुले जर मागे असतील, तर ती सगळी आळशी किंवा सगळी आजारी असू शकत नाहीत, हे उघड आहे.

वाचन ही दोन कामे आहेत

वाचनाच्या अभ्यासकांमध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेला एक साधा विचार आजही आधारभूत मानला जातो. छापील अक्षरांचे योग्य उच्चारात रूपांतर करणे हे वाचनाचे पहिले काम आणि ऐकलेल्या भाषेचा अर्थ लावणे हे दुसरे. वाचून समजणे म्हणजे या दोहोंचा गुणाकार. गुणाकारात एक संख्या शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते.

हा विचार समजला की मुलांचे तीन गट स्पष्ट दिसू लागतात. पहिल्या गटातील मुलाला गोष्ट सांगितली तर ती पूर्ण कळते, पण तीच गोष्ट वाचता येत नाही. दुसऱ्या गटातील मूल अस्खलित वाचते, शिक्षकांची शाबासकी मिळवते, पण 'यात काय सांगितले आहे?' असे विचारताच गप्प होते. तिसऱ्या गटातील मुलाची दोन्हीकडे अडचण असते. दुसरा गट सर्वांत उशिरा लक्षात येतो. अशा मुलाचे वाचन ऐकायला चांगले वाटते, म्हणून कोणी शंका घेत नाही. आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे किंवा परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरे चुकू लागली की दोष त्या विषयांना दिला जातो.

घरच्या घरी वीस मिनिटांची तपासणी

आपले मूल कोणत्या गटात मोडते, हे पाहण्यासाठी सुरुवातीला कोणत्याही यंत्राची किंवा शुल्काची गरज नाही. मुलाच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालचे, त्याने न वाचलेले पुस्तक घ्यावे. जेवण झालेले असावे, दूरचित्रवाणी बंद असावी आणि भावंडे आसपास नसावीत.

पहिल्या टप्प्यात मुलाला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगावे. मध्येच दुरुस्ती करू नये. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजावे आणि चुकलेले शब्द जसे उच्चारले तसेच लिहून ठेवावेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. हा आकडा दिशा दाखवण्यापुरता घ्यावा. त्यावरून मुलाला नापास ठरवू नये.

दुसऱ्या टप्प्यात तेवढाच दुसरा उतारा पालकांनी स्वतः मुलाला वाचून दाखवावा आणि दोन्ही उताऱ्यांवर प्रत्येकी चार प्रश्न विचारावेत. दोन प्रश्नांची उत्तरे मजकुरात थेट असावीत, दोन प्रश्नांना थोडा तर्क लागावा. उत्तर कोणत्याही बोलीत दिले तरी चालेल. ऐकलेले कळले आणि वाचलेले कळले नाही, तर अडचण अक्षरांपाशी आहे. दोन्ही कळले नाही, तर अडचण भाषेपाशी, शब्दसंग्रहापाशी किंवा लक्ष देण्यापाशी आहे.

ही तपासणी महिन्याने पुन्हा करावी. चुकलेल्या शब्दांची यादी जपून ठेवावी, कारण पुढे शिक्षकांकडे किंवा डॉक्टरांकडे जावे लागले तर 'वाचत नाही' या तक्रारीपेक्षा ती यादी अधिक उपयोगी पडते.

आधी डोळे आणि कान

कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी नजर आणि श्रवण यांची तपासणी करून घ्यावी. फळ्यावरचे न दिसणारे मूल ते सांगेलच असे नाही. सगळ्यांना असेच दिसते, असे त्याला वाटत असते. वारंवार सर्दी होणारी, कान वाहणारी मुले काही काळ कमी ऐकतात आणि 'त-थ', 'द-ध', 'ब-भ' यांतील बारीक भेद त्यांच्या हातून सुटतात. हा काळ नेमका अक्षर शिकण्याचा असेल, तर पाया कच्चा राहतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमध्ये तपासणीसाठी येतात तेव्हा पालकांनी आपली शंका शिक्षकांमार्फत त्यांच्या कानावर घालावी. श्रवणाच्या सविस्तर तपासणीसाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

देवनागरीची अवघड वळणे

मराठी जशी बोलतात तशी लिहितात, तेव्हा ती वाचायला सोपी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा पुष्कळ नियमित आहे हे खरे. पण शिकायच्या चिन्हांची संख्या मोठी आहे. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरे वेगळीच. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच आहे. ती शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सोनाली नाग यांनी केला आहे. अक्षरांवर पूर्ण प्रभुत्व येण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत चालूच राहते, असे त्यात दिसून आले. म्हणजे दुसरीतले मूल जोडाक्षरावर अडले तर घाबरण्याचे कारण नाही. पाचवीतले मूल साध्या काना-मात्रेवर अडले तर मात्र लक्ष घालायला हवे.

काही वळणे मुळातच निसरडी आहेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व' या जोड्या दिसायला जवळच्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, उच्चारताना नंतर. रफाराचे याच्या उलट. 'पर्वत' लिहिताना रफार 'व'च्या डोक्यावर बसतो, उच्चार मात्र त्याच्या आधी होतो. एकटा 'र' जोडाक्षरात 'सूर्य', 'प्रकाश', 'ट्रक' आणि 'दऱ्या' अशा चार शब्दांत चार रूपे घेतो. मुलाच्या चुकांची यादी पाहिली की बहुधा याच जागा पुन्हा पुन्हा दिसतात. त्या सापडल्या, तर सगळी बाराखडी नव्याने घोकण्याऐवजी तेवढ्याच जागांवर काम करता येते.

शिकवण्याच्या क्रमाचाही परिणाम होतो. आधी 'अ' ते 'ज्ञ' पूर्ण, मग बाराखडी, मग शब्द आणि सर्वांत शेवटी अर्थ या क्रमात मुलाला पहिले अर्थपूर्ण वाक्य वाचायला फार वाट पाहावी लागते. फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक, भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी यावर वेगळी वाट दाखवली. काही मोजकी अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे एकत्र शिकवायची, त्यांतून लगेच शब्द आणि वाक्ये तयार करायची, मग पुढचा गट घ्यायचा, असा तो क्रम. घरी मागे पडलेल्या मुलाला शिकवतानाही हाच क्रम अधिक फलदायी ठरतो.

ज्या मुलांची पहिली-दुसरी २०२० ते २०२२ या काळात शाळा बंद असताना गेली, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. ही मुले वरच्या वर्गांत गेली, पण अक्षरांचा पाया घालण्याचे दिवस त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. अशा मुलाला अक्षम ठरवण्याआधी त्याला नीट शिकवले गेले होते का, हा प्रश्न विचारावा. नियमित शिकवल्यावर काही महिन्यांत ते भराभर पुढे सरकले, तर दुखणे खंड पडल्याचेच होते, असे समजावे.

'होरी' आणि 'होडी'

उरण परिसरात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते, ती बोलीची. आगरी आणि कोळी घरांत होडीला 'होरी', गाडीला 'गारी', पाण्याला 'पानी' आणि डोळ्याला 'डोला' म्हणतात. असे मूल 'होडी' हा छापील शब्द 'होरी' असा वाचते, तेव्हा त्याने शब्द बरोबर ओळखलेला असतो आणि अर्थही लावलेला असतो. फक्त उच्चार घरचा असतो. ही चूक वाचनाची नाही. ती वाचनदोष म्हणून मोजली आणि वर्गात हशा पिकला, तर मूल मोठ्याने वाचणेच सोडून देते. 'घरी आपण होरी म्हणतो, पुस्तकात होडी लिहितात' एवढे शांतपणे सांगितले की पुरते. दोन रूपे शेजारी ठेवून दाखवली, तर मूल दोन्ही जपते.

घरी हिंदी किंवा अन्य भाषा बोलणाऱ्या, बंदराच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांचीही अडचण अशीच असते. इंग्रजी माध्यमातील मुलांची तर दुहेरी. जी भाषा घरात ऐकू येत नाही, तिचे वाचन शिकायचे आणि त्याच वेळी दुसरी लिपीही शिकायची. अशा मुलाची वर सांगितलेली तपासणी घरच्या भाषेतही जरूर करावी. मराठी गोष्ट उत्तम कळते आणि इंग्रजी धडा कळत नाही, तर मुलात दोष नाही. भाषेची ओळख कमी आहे.

बोलीचे भांडवलही मोठे आहे. लग्नातले धवले, आजीच्या गोष्टी, भरती-ओहोटीची आणि माशांची माहिती यांतून मुलाची समज घडत असते. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये केलेल्या प्रयोगात, बेसबॉलची माहिती असलेल्या पण वाचनात कच्च्या मुलांनी त्या खेळावरचा उतारा, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा अधिक चांगला समजून घेतला. करंजाच्या मुलाला पहिला उतारा होडीवरचा आणि जाळ्यावरचा द्यावा, हिमशिखरांवरचा नंतर द्यावा, हा यातील व्यवहार.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

डोळे-कान ठीक आहेत, शाळा नियमित आहे, शिकवणे नीट आहे, बुद्धी चांगली आहे. तरीही वाचन पुढे सरकत नाही, अशी काही मुले असतात. डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची नोंद केली होती. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. आज या स्थितीला डिस्लेक्सिया म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत ती 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या वर्गात मोडते. डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यामुळे अनेक मुलांवरचा 'ढ' हा शिक्का पुसला गेला. मात्र मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला डिस्लेक्सिया आहे, असा उलटा समजही काही ठिकाणी रुजला.

पुढील लक्षणे आठ वर्षांनंतरही टिकून असतील, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा :

* एकच शब्द एका ओळीत बरोबर, तर पुढच्या ओळीत चुकीचा वाचणे.
* पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणणे.
* शब्दातील आवाज सुटे करता न येणे; 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरते, हे सांगता न येणे.
* तोंडी उत्तरे चांगली आणि लेखी उत्तरे अगदीच तोकडी, अशी तफावत.
* पाहून लिहितानाही अक्षरे गळणे, काना-वेलांटी इकडेतिकडे होणे.
* घरात आई, वडील, काका, मामा यांपैकी कोणाला लहानपणी अशीच अडचण असणे.

सहा-सात वर्षांच्या मुलाने अधूनमधून अक्षर उलटे काढणे हे मात्र स्वाभाविक आहे. त्या एका लक्षणावरून काहीही ठरवू नये. हा आजार नाही आणि तो गोळीने बरा होत नाही. योग्य पद्धतीने, अधिक सरावाने शिकवल्यास ही मुले वाचू लागतात. त्यांचा वेग कदाचित कमी राहतो.

प्रमाणपत्राची वाट

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. याच कायद्याच्या कलम १६ नुसार अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय करणे ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाच दिले जाते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी ग्राह्य धरले जाते. बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्ध्यंक चाचणी आणि वाचन-लेखनाच्या विशेष चाचण्या असे तिचे टप्पे असतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेल्या चाचण्या यासाठी सुचवलेल्या आहेत.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचा या कामातील अनुभव जुना आहे. पूर्वी उरणहून मुंबईला जायचे तर मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर किंवा एसटीने वळसा घेऊन जावे लागे. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्याने नेरुळ आणि कुर्ला येथे गाडी बदलून शीवला पोहोचता येते. तपासणी एका दिवसात उरकत नाही, फेऱ्या पडतात, याची तयारी ठेवावी. निघताना मुलाच्या वह्या, गुणपत्रिका, शाळेचे पत्र आणि चुकांची यादी बरोबर असावी. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करता येतो.

प्रमाणपत्रामुळे परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितलेला आहे. त्याची प्रक्रिया दहावीच्या वर्षात नव्हे, तर आधीच सुरू करावी. मात्र एक गोष्ट विसरू नये. सवलत परीक्षेपुरती असते. वाचन शिकवण्याचे काम तिच्यामुळे संपत नाही. दाखला मिळाल्यावर शिकवणेच थांबले, तर मुलाचे नुकसानच होते.

घरी रोज अर्धा तास

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली वाचनशिक्षणाची पाच अंगे अधोरेखित केली : आवाजांची जाण, अक्षर-उच्चार संबंध, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. घरचा अर्धा तास याच अंगांत वाटता येतो.

पहिली पाच मिनिटे पुस्तकाविना आवाजांचा खेळ खेळावा. 'म'ने सुरू होणारे मासे सांगणे, शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजणे, शेवटचे अक्षर बदलून नवा शब्द करणे हे खेळ भाजी निवडतानाही होतात. पुढची दहा मिनिटे अडलेल्या एकाच जागेवर द्यावीत. या आठवड्यात फक्त रफार, तर फक्त रफार. पाटीवर, वाळूत, बोटाने हवेत अक्षर काढत त्याचा उच्चार मोठ्याने करावा; डोळा, कान आणि हात एकत्र आले की ठसा पक्का होतो.

त्यानंतरची दहा मिनिटे जोडीने वाचन. पालक आणि मूल एकाच पुस्तकातून एकाच वेळी मोठ्याने वाचतात. मूल अडले की पालकांनी शब्द सांगून पुढे जायचे, प्रवचन करायचे नाही. मुलाला आत्मविश्वास आला की त्याने खूण करावी आणि पालकांनी आवाज थांबवावा. तोच उतारा तीन-चार दिवस वाचला, तर ओघ वाढलेला मुलालाच जाणवतो.

शेवटची पाच मिनिटे अर्थासाठी. 'पुढे काय होईल?', 'तू असतास तर काय केले असतेस?', 'हा शब्द तुझ्या भाषेत कसा म्हणशील?' असे प्रश्न विचारावेत. नंतर भूमिका बदलून मुलाने प्रश्न विचारावेत आणि मोठ्यांनी उत्तरे द्यावीत. ॲनमेरी पालिंक्सर आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, शंका दूर करणे आणि सारांश सांगणे या चारच कृती होत्या आणि आकलनात मागे असलेल्या मुलांना त्यांचा चांगला उपयोग झाला.

ज्या आईला किंवा आजीला स्वतःला वाचता येत नाही, तिनेही मागे राहण्याचे कारण नाही. 'आज काय वाचलेस ते मला सांग' असे म्हणून मन लावून ऐकणारी आजी आकलनाचा उत्तम सराव घडवते. पुस्तकांसाठी फार खर्चही लागत नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या विनामूल्य आहेत.

काय टाळावे?

धाकट्या भावंडाला पुढे करून थोरल्याला लाजवू नये. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावू नये. हात दुखतो, शब्द येत नाही. पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये. शिकवणीचे तास वाढवण्यापूर्वी तेथे मुलाला वाचायला शिकवतात की नुसती उत्तरे पाठ करून घेतात, हे पाहावे. पाठांतरावर दुसरी-तिसरी निभावते, सहावीत विषय वाढले की सारे कोलमडते. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, बुद्धिवर्धक औषधे यांनी वाचन सुधारते, याला भक्कम आधार नाही. तो पैसा पुस्तकांवर खर्च करावा. खेळ, चित्रकला, नाच बंद करून तो वेळ अभ्यासाला देणे हीदेखील चूकच. ज्या एका गोष्टीत मूल पुढे आहे, तीच हिरावून घेतली तर शिकण्याची उमेद टिकणार कशी?

शाळेकडे काय मागावे?

पालकांनी मुख्याध्यापकांना भेटताना तक्रारीऐवजी तीन मागण्या ठेवाव्यात. मुलाची वाचनाची पातळी इयत्तेनुसार न पाहता प्रत्यक्ष तपासून सांगावी. त्या पातळीचे वाचन आठवड्यातून निदान काही तास मिळावे. आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडून मुलाची पाहणी व्हावी. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाची तरतूद आहे. मागणी लेखी दिली, तर तिचा पाठपुरावा करता येतो. चांगला शिक्षक फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, प्रश्न थोडक्यात मांडणे अशा लहानसहान बदलांनीही मुलाचा वर्गातला दिवस सुसह्य करू शकतो.

वर्ग मोठे आणि शिक्षकांवरील कामे अनेक, ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळे एकट्या शाळेवर किंवा एकट्या घरावर हा भार टाकून चालणार नाही. वेळ मात्र महत्त्वाचा. दुसरी-तिसरीत अडचण ओळखली, तर काही महिन्यांच्या नियमित सरावाने पुष्कळ मुले वर्गाच्या बरोबरीला येतात. आठवीत तेच काम अधिक कष्टाचे होते, कारण तोवर मुलाने 'मला येत नाही' हे मनाशी पक्के केलेले असते. अशक्य मात्र ते तेव्हाही नसते. संध्याकाळी मुलाचे बोट दुसऱ्या ओळीवर थांबले की आवाज चढवण्याआधी तो शब्द कागदावर टिपून ठेवावा. पुढच्या सगळ्या मदतीची सुरुवात त्या टिपणापासून होते.